डिसेंबरात अंदमान: निघण्याआधी हवामान बघत काढलेले दिवस

अंदमानला काय बघायचं, कुठे राहायचं, हे सांगणारं भरपूर साहित्य मिळतं. पण तिकिटं काढल्यापासून विमानात बसेपर्यंत जीव कसा टांगणीला लागतो, त्या काळात नेमकं काय बघायचं, कुणाला विचारायचं आणि कोणती तारीख हातची जाऊ द्यायची नाही, हे मला निघण्याआधी एका जागी कुठे सापडलं नाही. म्हणून आठवतंय तसं क्रमाने लिहिते. सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांना घेऊन नोव्हेंबर-डिसेंबरात जाणार असाल तर हे जरा सविस्तर वाचा.

बाबांना सेल्युलर जेल बघायचं होतं. शाळेत असल्यापासूनची त्यांची ती इच्छा. आईला मात्र समुद्र नको होता. आम्ही सांगलीचे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा आईला रबरी बोटीतून बाहेर काढावं लागलं होतं. तेव्हापासून 'बोट' म्हटलं की तिचा चेहरा उतरतो. त्यामुळे जुलैत बेत ठरवताना माझी आणि माझ्या नवऱ्याची पहिली अट एकच होती: आईला भरवसा वाटला पाहिजे.

सुट्ट्या जुळत होत्या त्या डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात. एक पावसाळ्याआधी एप्रिल ते जून, दुसरा पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे आमच्या तारखा दुसऱ्या हंगामाच्या शेपटाला येत होत्या. हे माहीत असल्यामुळे दोन गोष्टी आम्ही जुलैतच करून टाकल्या.

पहिली, विमान चेन्नईमार्गे न घेता बंगळूरमार्गे घेतलं. पुण्याहून अंदमानला जाताना मध्ये कुठेतरी बदलावं लागतं आणि चेन्नई सगळ्यात सोयीचं पडतं. पण डिसेंबर हा तिथला पावसाचा काळ. 2023 च्या डिसेंबरात मिचाँग आणि 2024 च्या नोव्हेंबरअखेरीस फेंगल या चक्रीवादळांनी चेन्नईचा विमानतळ बंद पाडला होता. अंदमानात लख्ख ऊन आणि आपण चेन्नईत अडकलेले, असं होऊ शकतं. बंगळूरमार्गे माणशी दीडेक हजार जास्त गेले. चौघांचं जाऊन-येऊन भाडं अठ्ठ्याहत्तर हजारांच्या आसपास पडलं.

दुसरी गोष्ट, परतीच्या विमानाआधीचा अख्खा दिवस मोकळा ठेवला. 4 डिसेंबरला पोर्ट ब्लेअर (सप्टेंबर 2024 पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम, पण रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे जुनंच नाव घेतात), 6 ला हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, 8 ला नील म्हणजे शहीद द्वीप, 9 ला परत, 10 मोकळा, 11 ला विमान. यामागे 2016 चा डिसेंबर होता. पुढे 'वरदा' नावाचं चक्रीवादळ झालेली प्रणाली तेव्हा अंदमानजवळ होती, बोटी बंद पडल्या आणि हॅवलॉक-नीलवर शेकडो पर्यटक अडकून पडले. शेवटी त्यांना आणायला नौदल आणि तटरक्षक दलाची जहाजं गेली. बेटावर तुम्हाला नेणारी आणि परत आणणारी वाट ही बोटच. ती थांबली की हॉटेल कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही.

नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सगळं शांत होतं. मग 20 तारखेच्या सुमारास मी फोनवरच्या हवामान ॲपमध्ये 'हॅवलॉक' टाकलं आणि घाबरले. 4 ते 11, प्रत्येक दिवशी ढग, थेंब आणि वीज. पुढचे काही दिवस उठल्या उठल्या तेच बघायचे, झोपतानाही तेच. नवरा म्हणायचा, फोन ठेव. पण फोन ठेवून मन शांत होत नाही, त्यामागचं समजल्यावर होतं.

समजलं ते असं. अंदमानात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, दोन्ही मोसमी वाऱ्यांचा. नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळच्याही आधी, मे महिन्यात तिथे पोचतो. असल्या ठिकाणी दिवसातून अर्धा तास सर आली तरी ॲप त्या अख्ख्या दिवसावर पावसाचं चित्र लावतं. त्या चित्रावरून बोट सुटेल की नाही हे अजिबात कळत नाही. शिवाय आठ-दहा दिवस पुढचं ते चित्र बहुतेक वेळा कुणा माणसाने बघून ठरवलेलं नसतं, संगणकाच्या मॉडेलमधून थेट आलेलं असतं.

त्यानंतर मी वाऱ्याचे हलते नकाशे दाखवणारं संकेतस्थळ बघायला लागले आणि भीती वाढली. 24 तारखेच्या रात्री युरोपीय मॉडेल 6-7 डिसेंबरला अंदमानच्या डोक्यावर मोठा भोवरा दाखवत होतं. अमेरिकी मॉडेलमध्ये त्याच तारखांना काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी युरोपीय मॉडेलचा भोवरा श्रीलंकेकडे सरकला, मध्यरात्रीनंतर परत आला. या मॉडेलचं मुख्य नवं चित्र दिवसातून दोनदा येतं आणि मी दोन्ही वेळा जागी असायचे.

मॉडेलचं चित्र असं सारखं बदलायचं कारण भूगोलात आहे. बंगालच्या उपसागरातली बरीच वादळं दक्षिण अंदमान समुद्राच्या आसपास जन्माला येतात आणि पश्चिमेकडे, वायव्येकडे जाताना मोठी होतात. ओडिशाला किंवा आंध्रला वादळ पोचतं तेव्हा त्याच्यावर काही दिवस नजर असते. अंदमानला ते बाल्यावस्थेत भेटतं. कमी दाबाचं क्षेत्र अजून तयारच झालेलं नसतं, तेव्हा त्याचं केंद्र कुठे असेल हे मॉडेलला नीट धरता येत नाही. म्हणून दहा दिवस आधीचा भोवरा खरा मानून तिकिटं रद्द करू नका, आणि भोवरा दिसत नाही म्हणून निर्धास्तही राहू नका.

मग मी बघायच्या गोष्टी बदलल्या. भारतीय हवामान खात्याचा दिल्लीचा विभाग बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांच्यासाठी रोज एक निवेदन काढतो. त्यात येत्या सात दिवसांत कमी दाबाचं क्षेत्र वाढून 'डिप्रेशन' व्हायची शक्यता नाही, कमी, मध्यम की जास्त, हे तारखेनुसार दिलेलं असतं. दर गुरुवारी दोन आठवड्यांचाही अंदाज येतो. भाषा रुक्ष आहे, पण तक्ता दोन मिनिटांत वाचून होतो. दुसरं, मच्छीमारांसाठीचा इशारा. त्यात वाऱ्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये आणि कोणत्या भागात जाऊ नये ते स्पष्ट लिहिलेलं असतं. तिसरं, हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा लाटांच्या उंचीचा अंदाज. सव्वा मीटरपर्यंत समुद्र साधारण शांत म्हणायचा, अडीचपर्यंत मध्यम, अडीच ते चारला खवळलेला. आणि वाऱ्याचे आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत: ताशी 31 ते 49 किलोमीटर म्हणजे डिप्रेशन, 50 ते 61 तीव्र डिप्रेशन, 62 च्या पुढे चक्रीवादळ, आणि तिथेच त्याला नाव मिळतं.

पावसाचा इशारा वाचतानाही एक लक्षात ठेवा. 'तुरळक ठिकाणी मुसळधार' यातलं 'तुरळक' म्हणजे त्या विभागातल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर. अंदमान-निकोबार मिळून एकच विभाग आहे आणि तो उत्तर-दक्षिण सातशे किलोमीटरहून लांब पसरला आहे. निकोबारला पडणाऱ्या पावसासाठी हॅवलॉकची सहल रद्द करायचं कारण नाही.

हे मी बाबांना समजावत होते तेव्हा ते लगेच म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखंच. सांगलीत किती पडला ते बघून काय होतंय? कोयनेतनं किती सोडलं आणि आयर्विन पुलाला किती फूट पाणी झालं, ते बघायचं." इतके दिवस मी जे धुंडाळत होते ते त्यांनी एका वाक्यात मांडलं. तिथून पुढे घरात 'पाऊस' हा विषय बंद झाला. वारा किती, लाट किती, एवढंच.

आता तारखांचा खरा पेच. हॅवलॉकच्या हॉटेलची पूर्ण पैसे परत मिळायची मुदत सात दिवस आधी, म्हणजे 29 नोव्हेंबरला संपत होती. आणि अंदाजावर विसंबावं असे दिवस फार तर शेवटचे चार-पाच. म्हणजे निर्णय आधी घ्यायचा आणि माहिती नंतर येणार. यावर हॉटेल बदलणं हा उपाय नाही, बहुतेकांचे नियम सारखेच आहेत. मी 26 ला हॉटेलला ईमेल केली: हवामानामुळे बोट रद्द झाली तर आमचं बुकिंग पुढच्या तारखेला सरकवाल का, हे लेखी कळवा. हॅवलॉकच्या हॉटेलचं दोन दिवसांत 'हो' आलं. नीलच्या हॉटेलचं उत्तर तेव्हाही आलं नाही आणि नंतरही नाही. फोनवर तोंडी मिळालेला होकार धरू नका. काउंटरवर माणूस बदललेला असतो.

प्रवासविम्याचंही याच वेळी बघून घेतलं. वादळाची बातमी आल्यावर काढलेला विमा त्या वादळासाठी सहसा चालत नाही, कारण ती 'आधीच माहीत असलेली घटना' ठरते. आम्ही तो तिकिटांबरोबरच काढला होता, चौघांचे मिळून साडेतीन हजार. बाबांच्या वयामुळे त्यांचा हप्ता जास्त पडला.

तिथल्या ड्रायव्हरदादांना फोन केला. आमची गाडी त्यांच्याकडेच ठरली होती. मूळचे बंगाली, जन्म पोर्ट ब्लेअरचा. मी घाईघाईने सगळे आकडे सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "दीदी, बारिश तो होगा। बारिश में बोट चलता है। हवा में नहीं चलता।" आणि सांगितलं की बोट बंद व्हायची असेल तर आदल्या संध्याकाळपर्यंत बहुतेक कळतं, पहाटे जेट्टीवर जाऊन ताटकळायची वेळ क्वचित येते.

28 च्या रात्री जेवण झाल्यावर आम्ही चौघं बसलो. आईने एकच विचारलं, "तिकडं गेल्यावर बोट नाही म्हणाले, तर आपण कुठं राहायचं?" पोर्ट ब्लेअरलाच, जमिनीवर, म्हटल्यावर ती म्हणाली, "मग चला." वाटेत अडकायची तिला भीती होती. राहायला पक्की जागा आहे म्हटल्यावर तिचा प्रश्न मिटला. हे मला आधी सुचलं नव्हतं, मी तिला लाटांची उंची सांगत बसले होते.

30 ला दक्षिण अंदमान समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं. 1 डिसेंबरला तक्त्यात डिप्रेशनची शक्यता 'कमी' होती, 2 ला 'मध्यम' झाली. मच्छीमारांना ताशी 35 ते 45, झोत 55 किलोमीटर असा इशारा 5 आणि 6 तारखेसाठी आला. पोटात गोळा आला, पण आता निदान कुठल्या दोन दिवसांची काळजी करायची ते समजलं होतं. बॅगेत चौघांचे जाड प्लास्टिकचे रेनकोट टाकले (छत्री तिथल्या वाऱ्यात निरुपयोगी), आधार कार्डांच्या दोन-दोन झेरॉक्स, आईबाबांच्या औषधांचा चार दिवसांचा जादा साठा आणि रोख पैसे. औषधांचा जादा साठा विसरू नका, बेटावर अडकल्यावर रक्तदाबाची नेमकी तीच गोळी मिळेलच असं नाही.

4 ला दुपारी उतरलो. भुरभुर पाऊस, वारा बेताचा. 5 ला सकाळीच सेल्युलर जेलला गेलो.

मूळच्या सात पाखांपैकी तीनच आज उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी एका पाखेच्या तिसऱ्या मजल्यावर अगदी टोकाला आहे. बाबांचे गुडघे दुखतात. दर टप्प्यावर थांबत, कठड्याला धरत ते चढले. मी हात पुढे केला तर नको म्हणाले. लांबलचक व्हरांड्यातून पावसाचं पाणी आत आलं होतं, ते ओलांडत शेवटपर्यंत गेले. दाराशी चपला काढल्या. आत जाऊन उंचावरच्या त्या छोट्या खिडकीकडे बराच वेळ बघत उभे राहिले. बाहेर आले तेव्हा मागे मोठी रांग झाली होती, आणि कुणीही त्यांना घाई केली नव्हती. त्या दिवशी बोटी सुटल्या काय आणि न सुटल्या काय, सहल झाली होती.

संध्याकाळी सहाच्या सुमारास मेसेज आला: 6 डिसेंबरची सकाळची फेरी हवामानामुळे रद्द. सोबत दोन पर्याय, पूर्ण पैसे परत किंवा पुढची तारीख. आम्ही लगेच 7 ची तारीख निवडली. हे खरंच लगेच करायचं असतं, कारण रद्द झालेल्या फेरीतले सगळेच दुसऱ्या दिवशीच्या जागांवर येतात. तासाभरात 7 ची सकाळ भरली होती. मग हॅवलॉकच्या हॉटेलला आधीच्या लेखी उत्तराखालीच ईमेल केली, त्यांनी एक रात्र सरकवली. नील मात्र सोडावं लागलं.

खबरदारी म्हणून 6 ला सकाळी नवरा फिनिक्स बे जेट्टीवर सरकारी बोटीच्या तिकिटांची चौकशी करायला गेला. ती बोट खासगीपेक्षा खूप स्वस्त, पण खासगी दीडेक तासात पोचते तिथे हिला अडीच तास लागतात. अर्ज भरायचा, प्रत्येकाचं नाव, वय आणि ओळखपत्राचा क्रमांक लिहायचा, रांगेत उभं राहायचं. खिडकीशी पोचायला दोन तास गेले आणि कळलं की 7 च्या सकाळच्या जागा संपल्या, दुपारच्या आहेत. त्याने घेतल्या नाहीत. आम्ही तिघं तोवर चॅथम सॉ मिल बघून आलो. 1883 ची ती लाकूड कापायची गिरणी आहे आणि चॅथम बेटावर पुलावरून गाडीने जाता येतं. बोट बंद असलेल्या दिवशी ज्येष्ठांना घेऊन जायला चांगली जागा.

7 ला सकाळी आकाश काळवंडलेलंच, पण इशारा उठला होता. कमी दाबाचं क्षेत्र डिप्रेशन न होताच पश्चिमेला सरकत विरत गेलं. लाटांचा अंदाज दीड ते दोन मीटर. फेरीच्या एक तास आधी जेट्टीवर हजर राहायचं, ओळखपत्र दाखवायचं, सामान यंत्रातून जातं. आईबाबांना डॉक्टरांना विचारून आणलेली मळमळीची गोळी अर्धा तास आधी दिली. नाश्ता हलका: इडली, चहा नाही. जागा खालच्या मजल्यावर, मधोमध मिळाल्या. पुढच्या टोकाला हेलकावे जास्त बसतात, त्यामुळे बुकिंग करतानाच मधल्या किंवा मागच्या रांगा निवडा.

बंदराबाहेर पडल्यावर बोट पुढून उचलायची आणि आपटायची. कर्मचारी कागदी पिशव्या वाटत फिरत होते, आणि आमच्या पुढच्या ओळीतल्या जवळजवळ सगळ्यांना त्या लागल्या. आईने माझा हात घट्ट धरला होता, नखं रुतेपर्यंत. मी तिला खिडकीतून दूरच्या काठाकडे बघायला सांगितलं. ती बघत राहिली. अर्ध्या तासाने म्हणाली, "पुरातली बोट जास्त हलत होती." आणि पर्समधली आवळासुपारी काढून शेजारच्या उलट्या करून थकलेल्या मुलीला दिली.

हॅवलॉकबद्दल इतरांनी खूप लिहिलंय. 8 ला दुपारनंतर ऊन पडलं, राधानगरच्या किनाऱ्यावर आईबाबा घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहिले. जीवरक्षक पुढे जाऊ देत नव्हते, ते योग्यच होतं. सूर्य तिथे पाच-सव्वापाचलाच मावळतो, त्यामुळे दुपारचं जेवण लवकर उरका. 9 ला परतीचा समुद्र इतका सपाट होता की बाबा झोपले. 10 चा मोकळा दिवस आमच्या कामी आला नाही, आणि तो ठेवल्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

हिशेब सांगते. नीलच्या दोन्ही फेऱ्या आम्ही स्वतः रद्द केल्या, त्यांचे कापून उरलेले पैसे 27 डिसेंबरला जमा झाले. त्यासाठी तिकीट क्रमांक लिहून परत आठवण करावी लागली. नीलच्या हॉटेलने काहीच परत दिलं नाही, तिथे साडेचार हजार गेले. विमा कंपनीकडे त्याचा दावा केला आहे. फेरी रद्द झाल्याचा मेसेज, हॉटेलची पावती आणि न वापरलेलं बुकिंग अशी कागदपत्रं त्यांनी मागितली. फेरी रद्द झाल्याचा मेसेज पुसू नका, त्याचा फोटो काढून ठेवा.

तारखा अजून तुमच्या हातात असतील आणि सोबत वयस्कर माणसं असतील, तर फेब्रुवारी-मार्च बघा. तेव्हा पाऊस सगळ्यात कमी असतो आणि समुद्रही बहुधा शांत असतो. डिसेंबरच ठरला असेल तर हॉटेलला ईमेल आजच करा.